काळ्या लोकरीचे मोजे

४ नोव्हेंबर

नवी वही काढली. हिच्या रेघा इतक्या फिक्या छापल्यात की असून नसल्यासारख्या. हल्ली कागदवाले शाईतसुद्धा काटकसर करतात. जाड पेन घेतलं आणि रेघांना विचारायचंच नाही असं ठरवलं.

लेक आली होती. आली ती भांडायच्या तयारीनेच. मी काम करते त्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी तिला फोन केला म्हणे. मी एका गिऱ्हाइकाचा काळा कोट दुसऱ्याला दिला आणि त्या दुसऱ्याचा निळा पहिल्याला. आता इतक्या गडद निळ्याला काळा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? काउंटरवरची ट्यूबलाइट वर्षभर मरायला टेकलीय, ते कुणाला दिसत नाही. लेकीचं मात्र एकच पालुपद. "आई, डोळे दाखव. मोतीबिंदू असणार. आता ते ऑपरेशन चुटकीसरशी होतं."

माझ्या आत्याचंही चुटकीसरशीच झालं होतं. आत गेली तेव्हा तिला अंधुक दिसायचं. पट्टी काढली तेव्हा तेही गेलं होतं. पुढे मरेपर्यंत ती आमची तोंडं चाचपून कोण आलंय ते ओळखायची. लेकीला हे शंभरदा सांगितलंय. ती म्हणते, "ते तेव्हाचं." मला भीती वाटते ती मात्र आत्ताची आहे.

मी म्हटलं, "मी बारीक सुयांवर मोजे विणते. डोळे गेलेली बाई मोजे विणते का?"

"पांढरे नि पिवळे विणतेस. काळे विणून दाखव."

विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. काळी लोकर म्हणजे परीक्षा. टाका कुठला आणि भोक कुठलं हे चांगल्या डोळ्यांनाही चटकन कळत नाही. पोरगी माझीच, कुठे डिवचलं की मी उसळते ते तिला ठाऊक. मला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "ठरलं. काळ्या लोकरीचा जोड. लोकरवाली तपासेल. एक जरी चूक निघाली तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. नाही निघाली तर या घरात पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

आमचे हे पेपर वाचत बसले होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस, पण दोन बायकांच्या मध्ये कधी अडकला नाही. पेपरामागूनच म्हणाले, "माझ्या मापाचे कर. मला काळे लागतातच."

८ नोव्हेंबर

साहेबांच्या खाण्याला धरबंध राहिलेला नाही. साहेब म्हणजे आमचा राखाडी बोका. घरात आला तोच तपासणीला आल्यासारखा सगळ्या खोल्या फिरून, म्हणून लेकीने नाव ठेवलं साहेब, आणि तेव्हापासून त्यांना अरे-तुरे करायची कुणाची छाती नाही. सकाळी हे आमच्या कुत्रीला, काळीला, फिरवायला नेतात, तेव्हा साहेब खिडकीत बसून वाटीभर चापतात आणि आत जातात. मी भांडी घासून वळते तोवर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पुन्हा हजर, जन्मात काही खाल्लं नाही असं तोंड करून. आणि पुन्हा वाटीभर खातात. पोट आहे की पिंप?

काळीचं बरं. म्हातारी कुत्री, दिलं ते खाते आणि शेगडीपुढच्या पायपुसण्यावर पडून राहते. आमच्यापैकी खरं शहाणपण कुणाला आलं असेल तर ते तिला.

पहिल्या मोज्याची नळी चार बोटं झाली.

१३ नोव्हेंबर

आज टाच.

नळी विणण्यात काही विद्या नाही. गोल गोल जायचं, हात आपोआप चालतात, तोंडाने वाटेल ते बोलावं. खरी विद्या टाचेत. तिथे मोजा वळतो. निम्मे टाके थांबवून ठेवायचे, निम्म्यांवर मागेपुढे जायचं, कडेचे टाके उचलायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर ते पावलासारखं दिसलं पाहिजे. एक टाका सुटला तर चालताना नेमका तिथेच भोक पडतं.

जेवणाआधी बोटाने चाचपून बघितलं तर कडेला भोक लागलं. टाका सुटलेला. कुठला ते काही केल्या सापडेना. खिडकीशी गेले, दिव्याखाली गेले, काळ्यात काळं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. मोजा खुर्चीवर फेकला आणि लॉन्ड्रीत निघून गेले.

संध्याकाळी येऊन पुन्हा चाचपला. भोक नाही! सगळा गुळगुळीत. म्हणजे दुपारी उगाच मनाचे खेळ झाले. लोकरीला थोडा वेळ दिला की ती आपसूक बसते, हे माझी आई म्हणायचीच.

१७ नोव्हेंबर

यांना सुई आणायला लोकरवालीकडे पाठवलं (एक साहेबांनी कपाटाखाली नेली). गेले ते दीड तासाने उगवले. म्हणे गर्दी होती. लोकरीच्या दुकानात गर्दी? तिथे मी तिसरी बाई असले तर लोकरवाली खुर्च्या पुरत नाहीत म्हणते.

या आठवड्यात तिकडे यांची तिसरी खेप. लोकरवाली दिसायला नीटस आहे, एकटी आहे आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच शहाणे. मी काही संशयी नाही. पण यांना जन्मात कधी रंगसंगतीत रस नव्हता, आणि काल मला विचारत होते, "सुलट टाका म्हणजे लोकर मागे की पुढे?"

"मागे," म्हटलं. "तुम्हाला कशाला हव्यात नसत्या उचापती?"

"सहज," म्हणाले. बोटाला पट्टी होती. खिळा लागला म्हणे.

२२ नोव्हेंबर

पहिला मोजा पूर्ण. दुसऱ्याची टाच चालू. या खेपेलाही टाचेशी घोळ झाल्यासारखं वाटलं आणि या खेपेलाही दुपारनंतर काही नाही. हात बसला म्हणायचा. मोजा खुर्चीवर ठेवून गेले होते तो टोपलीत मिळाला, लोकरीचा गुंडाही नीट गुंडाळलेला. साहेब हल्ली शिस्तीत वागतात.

२९ नोव्हेंबर

जिंकले!

लेक, मी आणि हे, तिघं लोकरवालीकडे. तिने मोजे हातात घेतले, आत हात घालून उजेडाकडे धरले, उलटे केले, टाचा ताणून बघितल्या. टाचांवर फार वेळ थांबली. मग तिने यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हे छताकडे बघत होते, तिथे काय लटकत होतं देव जाणे.

"मोज्यांत चूक नाही," ती म्हणाली. "पण ताई, डोळे दाखवले तर त्यात काही कमीपणा नाही हो."

बघा! हातच्या काकणाला आरसा कशाला, मोजे समोर आहेत, तरी हिचं आपलं तेच. दुसऱ्या कुणाला एवढं बिनचूक जमतं हे दुकानदारणीलाही बघवत नसावं. लेक शब्दाची पक्की आहे, "बरं आई," एवढंच म्हणाली. मी सगळ्यांना चहा पाजला. यांनी मोजे तिथेच पायांत घातले, पण जिंकलेल्या बाईच्या नवऱ्याचा चेहरा असा असावा लागतो का? विचारलं तर म्हणाले, टाच जरा घट्ट होते.

१२ डिसेंबर

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय. पण वहीशी कसली लाज.

साहेबांचं पोट सुटतच चाललं होतं. म्हटलं, जंत असतील. हे काळीला घेऊन गेले होते. मागच्या दाराशी साहेब खाऊन बसले होते, तिथेच त्यांना उचललं आणि टोपलीत घातलं. एरवी टोपली दिसली की घर डोक्यावर घेतात, आज निमूट बसले. म्हटलं, वयाने का होईना, अक्कल आली.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. किती खातात, कसे सुस्तावलेत, आमच्याकडे सहा वर्षं आहेत, लहानपणीच ऑपरेशन झालंय. त्या पोटावरून हात फिरवत होत्या. मग शेपटी वर केली. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना दिवस गेलेत."

मी म्हटलं, "काय?"

"ही मांजरी आहे. गाभण आहे. महिना-सव्वा महिन्यात पिल्लं होतील."

मागे पोपट घेऊन बसलेले गृहस्थ हसले. त्यांचा पोपटही हसला असेल. मी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं की कुणीतरी बाहेर टोपली बदलली. त्यांनी बिचारीने फोन करून यांना बोलावून घेतलं. हे आले, त्यांनी टोपलीत डोकावलं.

"अगं, साहेब घरी कपाटावर झोपलेत."

"मग ही कोण?"

"मला काय माहीत? हिचे चारही पाय पांढरे आहेत."

पांढरे. चारही. महिनाभर मी तिला खिडकीवाल्या साहेबांचं दुसरं जेवण म्हणून वाढत होते. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसता हसता रडायला लागली. "आई, आंधळं दळतं नि मांजर पीठ खातं." मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

हसले नाहीत ते फक्त हे. जेवताना म्हणाले, "एकदा दाखवू या डोळे."

"पैज मी जिंकलेय," मी म्हटलं.

यांनी तोंड उघडलं, मग घास घातला आणि मिटलं.

१५ डिसेंबर

मांजरी परत न्यायला कुणी आलं नाही. आता तिला बाईसाहेब म्हणतो. साहेबांनी तिच्याकडे पाठ केली आहे, आपला काही संबंध नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून.

२१ डिसेंबर

अक्षर कसं येतंय कोण जाणे.

सकाळी अंडी उकडली होती. पाणी ओतायला पातेलं घेऊन वळले. पायपुसण्यावर काळी होती. मला पायपुसणंच दिसलं. पाय तिच्यावर पडला, मी हेलपाटले आणि उकळतं पाणी तिच्या पुढच्या पायावर सांडलं.

ती अशी ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. आणि मग, मीच भाजलं होतं तिला, तरी माझ्याच मागे येऊन लपली.

हे तिला उचलून धावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरून येईल, पण वेळ लागेल, पाय झाकलेला ठेवा, चाटू देऊ नका. बाहेर बाकावर हे दोन्ही हातांत डोकं धरून बसले. म्हणाले, "चूक माझी आहे." मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, चांगला माणूस आहे. पुन्हा म्हणाले, "अगं, ऐक. ते मोजे..."

मी म्हटलं, "मोजे गेले खड्ड्यात. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावा."

मला वाटायचं, डोळे माझे आहेत. गेले तर माझे जातील, दुसऱ्या कुणाचं काय बिघडतं. काळीच्या पायाचा मी विचारच केला नव्हता.

२४ डिसेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होता? मी म्हटलं, मोजे विणत होते. त्यांना ती थट्टा वाटली.

काळीच्या पायासाठी मोजा विणला. जाड पांढरी लोकर, जाड सुया, सरळ नळी, टाच नाही. कुत्र्याला टाच कुठे असते आपल्यासारखी? सगळा चाचपून विणला. चार ठिकाणी भोकं आहेत, बोटाला लागतात. या खेपेला लोकर आपसूक बसली नाही. पण पट्टीवर छान बसतो, आणि काळी तो ओढून काढत नाही. हे तिला दिवसातून तीनदा उचलून अंगणात नेतात. मलम तेच लावतात, मला लावू देत नाहीत, लेकीलाही नाही.

९ जानेवारी

उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आत्या डोळ्यांपुढून हलत नाही. यांना म्हटलं, "उद्या मला काही दिसलं नाही तर?" "तर मी सांगेन काय काय आहे ते," म्हणाले. "खरं खरं सांगेन." असं का म्हणाले कोण जाणे, यांना खोटं बोलताना मी कधी बघितलं नाही.

१२ जानेवारी

दिसतंय.

सगळं दिसतंय. या वहीच्या रेघा निळ्या आहेत, चांगल्या ठळक. ट्यूबलाइट ठीक असावी. बेसिनच्या कडेला पिवळा थर साचलाय आणि कोपऱ्यात जाळी, माझ्या घरात! इतके दिवस पाहुणे काय म्हणत असतील. साहेबांच्या शेपटीवर गोल पट्टे आहेत. यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. मला कुणी सांगितलं नाही. मी बघत बसले तर म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, बसा तसेच."

काळीच्या मोज्याला चार नाही, सात भोकं आहेत.

१८ जानेवारी

बाईसाहेबांना चार पिल्लं, लॉन्ड्रीच्या जुन्या टोपलीत. तीन राखाडी, एक काळं. काळीच्या जखमेवर नवी कातडी धरली. आज ती स्वतः चालत अंगणात गेली, हे मागे मागे, हात पुढे करून, पडली तर झेलायला.

घर भरलंय. मी सुखी आहे, तसं लिहून ठेवायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी

दोरीवरचे कपडे काढत होते. यांचे काळे मोजे उन्हात वाळत होते. सहज बघितलं, मग नीट बघितलं.

माझा टाका सरळ असतो, दोन पाय मोकळे सोडून उभा. या मोज्यांत टाचेच्या कडेला काही टाके पायावर पाय टाकून बसल्यासारखे. दोन्ही टाचांना. नळीतही मधे एक, अंगठ्याशी दोन. सुई पुढून घालायच्या ऐवजी मागून घातली की असा पीळ पडतो. नवशिके घालतात. विणायला शिकल्यापासून मी असा एकही टाका घातलेला नाही.

मोजे घेऊन लोकरवालीकडे गेले. काउंटरवर ठेवले. ती म्हणाली, "दिसलं का?"

रोज दुपारी मी कामावर गेले की हे बसायचे. आधी तिच्याकडे शिकवणी, मग घरी माझे सुटलेले टाके शोधून उचलायचे. त्या जाड बोटांनी, काळ्या लोकरीत. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना, असं झाकू नका. तर म्हणाले, ती हरलेली मला बघवणार नाही."

घरी येताना मला राग आला. मायेने भरून आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आला. मी त्या दिवशी हरले असते तर डिसेंबरात डोळे उघडले असते आणि काळीचा पाय भाजला नसता. मग आठवलं, बाकावर हातांत डोकं धरून बसलेले हे. मलम दुसऱ्या कुणाला लावू न देणारे हे. त्यांना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं.

पण यांनी टाके उचलले नसते, तरी मी मानलं असतं का? भोक बोटाला लागत होतं. बोटं तर धड होती.

४ फेब्रुवारी

दोन दिवस यांच्याशी धड बोलले नाही. यांना वाटतंय डोळा दुखतोय. सारखे विचारतात, थेंब घालू का?

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी विणायला परवानगी दिली, दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. चार दिवसांपासून पुन्हा काळीच लोकर घेतली आहे. आज टाचेशी आले आणि मुद्दाम एक टाका सोडला. चांगला दिसेल असा. मोजा खुर्चीवर ठेवला आणि लॉन्ड्रीत गेले. दिवसभर कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होते, पण चित्त सगळं त्या खुर्चीवर. परत आल्यावर टाका उचललेला दिसला तर काय करायचं, ते मला ठरवता आलं नव्हतं.

संध्याकाळी दार उघडलं. हे समोरच उभे होते, मोजा हातात धरून. काळी पायाशी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"अगं," म्हणाले, "इथे एक टाका सुटलाय. मी उचलला नाही."

मी पिशवी खाली ठेवली.

"माहीत आहे," म्हटलं. "आधीचेही माहीत आहेत."

डोळे भरून आले त्यांचे. मला ते स्पष्ट दिसले.

मी त्यांना खिडकीशी बसवलं, शेजारी बसले आणि सुई त्यांच्या हातात दिली. "उचला. मागून नाही, पुढून घाला." जमेना. हात धरून दाखवलं. मग जमलं. मग मी उठले नाही, आणि हेही उठले नाहीत, उजेड होता तोवर उरलेली टाच त्यांनीच विणली. झाल्यावर माझ्याकडे दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

वाकडी झाली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी ती उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.